दवाखान्यामागचं घर

टेम्पो भरून झाला होता. गॅसची शेगडी आणि पिठाचा डबा तेवढा दारात राहिला होता. इतक्यात एक माणूस फाटकाशी येऊन उभा राहिला. पुष्पाअक्कांचं घर हेच का, असं त्याने विचारलं.

कुंदनने मान हलवली, पण घर आता बंद होतंय, हेही सांगितलं. धुळ्याच्या सरकारी दवाखान्यामागच्या या घराला कुलूप लावून तो आज आईला जळगावला, आपल्या फ्लॅटवर नेत होता.

हा प्रश्न ऐकतच तो लहानाचा मोठा झाला होता. शिंदखेड्याकडची, साक्रीकडची माणसं वळकट्या घेऊन यायची. पेशंट वॉर्डात, बाकीचे यांच्या ओट्यावर. पहाटे अंगणात आंघोळीचं पाणी तापायचं. मग आई आणि त्या बाया मिळून ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापायच्या, पेशंटच्या डब्यात पातळ खिचडी भरायच्या. एखाद्याला सुट्टी मिळाली की सगळा ओटा त्याला पोचवायला कोपऱ्यापर्यंत जायचा. घरात पोर असं कुंदन एकटाच. दहावीचा अभ्यास त्याने परक्यांच्या खोकल्यात केला, आणि आईवर धुसफुसत केला. पुढे वडील गेले, आई थकली, माणसं येईनाशी झाली. आज रिकामा ओटा झाडून घेताना मात्र त्याला तो सगळा गलका आठवत होता, आणि हातातला झाडू मधेच थांबत होता.

फाटकाशी आलेल्याचं नाव रोहिदास. सातपुड्याच्या पायथ्याचा मजूर. त्याचा मुलगा न्यूमोनियाने वॉर्डात होता, बायको ललिता मुलाच्या उशाशी बसून होती. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीने त्याला हे घर सांगितलं होतं. भरलेला टेम्पो बघून तो ओशाळला. मग आजच पोराला घरी नेतो, म्हणाला. डॉक्टर अजून आठवडाभर थांबा म्हणत होते. पण दोघांचं हॉटेलातलं खाणं, बाहेरच्या तपासणीसाठी रिक्षा, बुडणारी मजुरी. जवळचं होतं ते संपलं होतं.

कुंदनने त्याला समजावलं. दवाखान्यात औषधपाणी सगळं फुकट आहे, पोराला असं अर्धवट उचलून नेऊ नका. रोहिदास खाली बघून ऐकत राहिला. मग हात जोडून तो वळला.

कुंदनची आई पुष्पाबाई टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या. त्या दांडीला धरून खाली उतरल्या. रोहिदासला त्यांनी हाक मारून थांबवलं आणि ललितालाही जेवायला घेऊन ये म्हणाल्या. मग शेगडी उचलून त्या घरात गेल्या.

कुंदन मागोमाग आत आला.

“आई, आपलं ठरलंय ना? आणि त्याचा इलाज तर फुकटच होतोय.”

पुष्पाबाई आत राहिलेल्या सिलिंडरची नळी शेगडीला जोडत होत्या. हात थांबले. मग, आजवर जे त्या कधीच बोलल्या नव्हत्या, ते त्याच्याकडे न बघता आपल्या अहिराणीत बोलल्या.

“तुना मोठा भाऊना इलाजबी फुकटच व्हता. तठे ऱ्हावाले-खावाले पैसा पुरनात नहीत, म्हनीसन आम्ही त्याले उठाडीसन घर लई गवूत.”