आधीचं नाव

आपण शोधलेल्या रोपाला स्वतःचंच नाव द्यायचं नाही, हा वनस्पतिशास्त्रज्ञांचा शिरस्ता. त्यामुळे डोंबिवलीचे त्र्यंबक केतकर सर, दुसऱ्या कुणाला तरी ते सुचेल याची वाट बघता बघता रिटायर झाले. अखेर त्यांची विद्यार्थिनी क्षिप्रा हिला टिटवाळ्याच्या माळावर एक नवं रोप सापडलं आणि तिने त्याला सरांचं नाव दिलं. सरांनी अख्ख्या सोसायटीत पेढे वाटले.

आठवड्याभरात क्षिप्राचा फोन आला. "सर, त्या रोपाला आधीच कुणाचं तरी नाव दिलेलं निघालं. नियमाने आता तेच राहणार."

"कुणाचं?"

"तुमच्या जुन्या विभागप्रमुखांचं."

"त्या माणसाचं? एवढी चमचेगिरी कुणी केली?"




"तुम्हीच, सर. प्रमोशनच्या वर्षी."