पांढरी बाभळ

कारखान्यात चाचणीसाठी लावलेला लायटर बाजूला घेतला तरी प्लास्टिकची पट्टी जळतच राहिली. आपोआप विझायला हवी होती ती. सुपरवायझर शेळके कौसाबाईवर डाफरला, "मावशी, आग विझवायची पावडर मालात टाकली का घरी न्हेली?"

"घरी न्हिऊन काय भाकरी थापू तिच्या? तोलून टाकलीय, पोराची आण!"

खोटं न्हवतं ते. पण पावडरीनं समद्या बायांना ठसका लागायचा, म्हणून महिनाभर कौसाबाई आधी मिक्सरवरचा, हवा बाहेर फेकणारा पंखा लावायची, मग पोतं ओतायची. आता मनात पाल चुकचुकली तशी ती भिंतीमागं गेली. पंख्याच्या तोंडासमोरची बाभळ शेंड्यापातुर पांढरीफक पडली होती. निम्मी पावडर तिथंच उडाली होती.

"शेळके, महिन्याचा माल कुठं गेला रं?"

"बॅटरीवरच्या रिक्षात बॅटरी ठेवायच्या पेट्या झाल्या त्याच्या. गप बस मावशी, दोघांची बी नोकरी जाईल."

दिवेलागणीला ती वस्तीवर आली. पोरानं ह्याच महिन्यात घेतलेली बॅटरीची रिक्षा ओट्याशी चार्जिंगला लावलेली. गल्लीत आणखी चार तशाच. तिनं घरची वायर उपसली अन् शेजारचं दार बडवलं.

"आधी वायर काढा, शिव्या मागनं घाला! पेट घेईल रिक्षा!"

शेजारी हसला. "मग सकाळी रिक्षा तू ओढणार का मावशी?" दार लागलं.

ती दुसऱ्या दाराकडं वळली. मागं तिच्याच ओट्यावर पोरानं वायर परत खोचली होती.