या, बसा

“बोल ना रे, ‘या, बसा’!” मिरची दाखवत सुनेत्रा पिंजऱ्यापाशी आर्जवं करत होती.

सासरी लेकीला एकटं वाटू नये म्हणून तात्यांनीच तिला हा पोपट आणून दिला होता. तिने पक्षी पाळला तो पहिल्यांदाच. भिजवलेली डाळ भरवत ती त्याला आल्यागेल्याशी बोलायला शिकवत होती.

मान वाकडी करून पोपट हुबेहूब तिच्या आवाजात म्हणाला, “काही नाही हो, न्हाणीत घसरले!”

लेकीला भेटायला आलेले तात्या खो खो हसले. “लेका, तू कधी घसरलास?”

“काही नाही हो, न्हाणीत घसरले!”

सुनेत्राने झटकन काळंनिळं कोपर पदराखाली घेतलं. तात्यांचं हसू जागच्या जागी थिजलं.

“एकदाच घसरले, तात्या,” नवऱ्याच्या खोलीकडे बघत ती पुटपुटली.



“पोपट एकदा ऐकून शिकत नाही, पोरी.”