रविवारचे गुरुजी

“खेळ?” जिभेवर बसलेली माशी थुंकावी तसा नरहर गुरुजींनी तो शब्द थुंकला. “सरकारी लोहचुंबक, आणि खेळ?”

विसरलेली छत्री न्यायला ते रविवारी दुपारी शाळेत आले होते. पाहतात तर विज्ञानाचं कपाट सताड उघडं. मागच्या अंगणात सात-आठ पोरं एका परातीभोवती उकिडवी बसलेली आणि त्यांच्यात शाळेचा शिपाई लहानू, चक्क मांडी घालून. परातीतल्या पाण्यात ज्वारीच्या धांड्याचा तुकडा तरंगत होता. त्यावर एक सुई. दूर पायरीवर कपाटातला लोहचुंबक.

“पोरं खेळून राह्यले होते, गुरुजी,” लहानू उठून उभा राहिला. “मी काई मोडू देत नाई.”

“चार बुकं शिकला नाहीस आणि शाळा काढतोस? उद्या डिप्टी साहेब तपासणीला येतायत. तुझा रिपोर्ट त्यांच्या हातातच देतो.”

लहानूची चौथीतली पोर, धुरपता, परात उचलून घरी निघाली. बापाची नोकरी गेली की आपली शाळाही गेली, एवढं तिला कळत होतं.

हिंगणघाटपासून तीन कोसांवरची ही शाळा. साल सत्तावन्न. वर्षापूर्वी वर्ध्याहून विज्ञानाच्या सामानाची पेटी आली, तेव्हा गुरुजींनी प्रत्येक वस्तूला चिठ्ठी चिकटवली, ती काचेच्या कपाटात मांडली आणि कुलूप ठोकलं. वर्गात ते वस्तूंची लक्षणं उतरवून देत, पोरं ती घोकत. हाताळल्यानं वस्तू बिघडतात आणि पोरं त्याहून जास्त बिघडतात, असं त्यांचं ठाम मत होतं. धूळ पुसण्यासाठी किल्ली लहानूकडे असे, तेवढीच चूक. त्यातून मागच्या दसऱ्याला नागपूरला जाऊन तो बौद्ध होऊन आला, तेव्हापासून त्याची मान जरा जास्तच ताठ झाली आहे, हे गुरुजींना खुपत होतं. रात्रीचं जेवण होण्याआधीच त्यांनी रिपोर्ट लिहून काढला. त्यात ‘उद्दाम’ हा शब्द दोनदा आला.

सोमवारी डिप्टी साहेब आले. तरुण गृहस्थ. हार बाजूला ठेवून थेट चौथीत शिरले. “लोहचुंबक काय करतो?”

पहिल्या नंबरचा माणिक हाताची घडी घालून उठला. “मोकळा टांगलेला लोहचुंबक नेहमी दक्षिणोत्तर स्थिर राहतो.”

साहेबांनी कपाटातला चुंबक मागवला, एक सुई त्यावर घासली आणि ताटलीतल्या पाण्यात गवताच्या काडीवर अलगद सोडली. सुई गर्रकन फिरली आणि थांबली.

“उत्तर दिशा कुठं आहे?”

माणिकनं खिडकीकडे बोट दाखवलं.

“मग सुई तिकडे का नाही?”

माणिकनं व्याख्या पहिल्यापासून पुन्हा म्हटली. या वेळी मोठ्यानं.

“सुई खराब असेल,” गुरुजी मध्ये पडले. “सरकारी माल, साहेब!” आणि त्यांनी जीभ चावली.

“सुई चांगली हाये जी,” मागून आवाज आला. धुरपता उभी होती. “तिले पेटी ओढून राह्यली. पेटी सरकवा.”

टेबलाला खेटून जुन्या हजेऱ्यांची लोखंडी पेटी होती. साहेबांनी स्वतः ती ढकलली. सुई हलकेच वळली आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

“तुला कसं कळलं?”

“खेळात होते तसं. एक जण पोत्याखाली विळा लपवते. दुसऱ्यानं परात फिरवून फिरवून तो हुडकायचा.”

“कोण खेळवतं तुम्हाला?”

धुरपतानं दाराकडे पाहिलं. तिथं लहानू पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता. गुरुजींनी मात्र साहेबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. एकोणीस वर्षांच्या नोकरीत असा खुललेला चेहरा घेऊन त्यांच्या वर्गातून कोणी बाहेर पडलं नव्हतं. खिशातल्या रिपोर्टावर असलेला हात रिकामाच बाहेर आला.

“मीच, साहेब. दर रविवारी घेतो.”

धुरपतानं तोंड उघडलं. लहानूनं तिला मानेनंच थांबवलं.

“हो साहेब,” तो म्हणाला. “गुरुजीचाच खेळ हाये.”

“शाबास! परिपत्रकं आम्ही ढिगानं पाठवतो, पण करतो कोण?” साहेबांनी शेरेबुक ओढलं आणि लिहिलं, की कपाट दर रविवारी मुलांसाठी उघडं ठेवावं. “पुढच्या महिन्यात तालुक्यातले तीस मास्तर घेऊन येतो. तुम्ही मुलांत बसून त्यांना खेळून दाखवा.”

साहेबांची जीप गेली. गुरुजींनी लहानूला गाठलं.

“खोटं का बोललास?”

“खरं बोललो असतो, तर साहेबानं मले शाबासकी देली असती आन् तुमी कपाटाले दुसरं कुलूप लावलं असतं.” लहानूनं शेरेबुकावर बोट टेकवलं. “आता लावून पाहा.”

शाळा सुटली. गुरुजींनी वर्गाचं दार लोटून घेतलं, ताटलीत पाणी भरलं आणि चुंबकावर न घासताच नवी सुई काडीवर ठेवली. ती बुडाली. पुन्हा ठेवली, पुन्हा बुडाली. तिसऱ्यांदा सुई तरंगली खरी, पण नुसतीच भोवंडत राहिली. तीस मास्तर त्यांच्या डोळ्यांसमोर उभे राहिले. शिस्त कशी लावावी यावर ते दरसाल ज्यांना व्याख्यान देत, तेच तीस मास्तर.

अखेर ते व्हरांड्यात आले. लहानू झाडत होता. आजवर त्यांनी शिपायाला कधी नीट नावानंही हाक मारली नव्हती.

“लहानूजी,” ते हळूच म्हणाले, “रविवारी मी किती वाजता येऊ?”