पुढच्या सीटचा मान

एक फेरी मारली, की सासऱ्यांनी मारलेला ‘भित्रा’ हा शिक्का पुसला जाणार होता. एवढ्या एका फायद्यासाठी मुकुल आयर्लंडमधल्या मलिंगार गावाजवळच्या गवताळ धावपट्टीवर, नव्वद वर्षांच्या त्या उघड्या, दोन सीटच्या विमानापाशी उभा होता.

“हे कधी पडलंय का?” त्याने डेक्लन नावाच्या म्हाताऱ्या पायलटला हळूच विचारलं.

“अगदी नवं होतं तेव्हा, दोनदा. त्या काळात विमानं पडायचीच. पण पायलटला साधं खरचटलंही नाही. ग्रँड!”

मुकुलला धीर आला. डेक्लनने पुढच्या सीटकडे बोट दाखवलं.

“बसा मुकुलराव, पुढचा मान जावयाचा!” सासरे मुरलीधरपंत खुशीत फोटो काढू लागले.

पट्टे आवळले, डेक्लनने हाताने पंखा फिरवून इंजिन सुरू केलं आणि तो मागच्या सीटवर चढला.

“तुम्ही मागे?”

“ह्यात पायलट मागेच बसतो.”

मुकुलने मान मागे वळवली. “मग त्या दोन्ही वेळी पुढे बसलेल्यांचं काय झालं?”

विमान पळू लागलं होतं. कडेला सासरे कौतुकाने हात हलवत होते.

“गेले बिचारे,” मागून आवाज आला. “पहिल्यांदा मालकाचा मेव्हणा, दुसऱ्यांदा जावई.”