पक्कं काम

"अंगावर लोखंड नको, चांदी नको. चश्मा भी निकालो, सर," तंत्रज्ञ म्हणाला.

भूपेंद्र गुरुजींनी अंगठी काढली, साखळी काढली, करदोड्यातला ताईतसुद्धा सोडला आणि सगळं बायकोच्या हातात दिलं. मोनालीने ते रुमालात बांधलं.

"खरंच झोपावं लागते का जी त्या मशीनमधी?" तिने हळूच विचारलं. "आपल्याले तं रिपोर्टच पाह्यजे."

"चूप राय. फोटो काढल्याबिगर रिपोर्ट नाही भेटत."

गुरुजींची बदली ठरली होती, थेट इटियाडोह धरणापलीकडच्या जंगलातल्या शाळेत. गोंदियात त्यांच्या नव्या घराचा स्लॅब नुकताच पडला होता. लेक रिंकूला शहरातल्या शाळेत प्रवेश मिळाला होता. गंभीर आजार असलेल्या शिक्षकाला बदलीतून सूट होती. फक्त आजार तेवढा नव्हता. तो खुशालने सुचवला.

खुशालही शिक्षकच, पण वर्गापेक्षा कचेऱ्यांमध्ये जास्त रमणारा.

"ताप कोनीबी मोजते सर, चक्कर कोन मोजते?" तो म्हणाला होता. "एका कानानं आयकू येत नाही म्हना, मान दुखते म्हना. कानाचा आन् मणक्याचा एमआरआय काढाले लावतेत. तिथला डॉक्टर आपला मानूस आहे. मी त्यायले भेटून घेतो. फकत फोनवर याचा एक शब्द बोलाचा नाही."

गुरुजींनी उजवा कान निवडला. दिवाळीच्या सर्दीपासून तो तसाही जरा बंदच असायचा.

मग ते मन लावून सरावाला लागले. आयुष्यात कुठल्याच कामाला त्यांनी एवढं मन लावलं नव्हतं. वर्गात उजवीकडची पोरं कोकलत राहायची, गुरुजी ढिम्म. मोनाली स्वयंपाकघरातून हाका मारून थकायची.

"घरी तरी नाटक बंद करा ना," ती वैतागून म्हणायची.

"सवय मोडली तं तिथं फसन मी," गुरुजी हसून सांगायचे.

एकदा दवनीवाड्याला सासऱ्यांच्या शेतात, धुऱ्याच्या बांधावरून चालता चालता ते उन्हाळी धानाच्या चिखलात आडवे झाले. चार माणसांनी उचलून बाहेर काढलं. चिखल पुसताना गुरुजी स्वतःवरच खूश होते. झाडीपट्टीच्या नाटकात ज्याला कधी कोणी पडदा ओढायलाही बोलावलं नाही, त्याला हे इतकं हुबेहूब जमावं! पुढे कान तपासायच्या यंत्रानेही त्यांच्या बाजूनेच कौल दिला.

त्यांना सूट मिळाली की त्यांच्याऐवजी शाळेतल्या आचल मॅडमना जंगलात जावं लागणार होतं. मॅडमचं बाळ अजून अंगावर पीत होतं. गुरुजींना हे ठाऊक होतं. लाज वाटायला हवी होती, वाटली नाही. झोपही छान लागत होती.

यंत्रात त्यांच्या तोंडावर पिंजऱ्यासारखं काहीतरी बसवलं. धाडधाड आवाज सुरू झाला. मध्येच बाहेर काढून हातात इंजेक्शन दिलं आणि पुन्हा आत सरकवलं. गुरुजी हूं की चूं न करता पडून राहिले.

दुपारी डॉक्टरांनी आत बोलावलं. "घरचं कोणी सोबत आहे?" त्यांनी आधी विचारलं. मोनाली आत आली, तेव्हा ते बोलायला लागले.

"मणका ठीक आहे. पण उजव्या कानातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर गाठ आहे. मोठी आहे, मेंदूला दाबते आहे. नागपूरला न्या. ऑपरेशन लांबवू नका, जिवाशी खेळ होईल."

डॉक्टरांच्या चेहऱ्यावरची रेषासुद्धा हलली नाही. गुरुजींना मनापासून कौतुक वाटलं. माणूस मुरलेला होता.

"आमच्या खुशाल सरांनी सांगितलं असेलच तुम्हाला," ते आवाज खाली आणून म्हणाले.

"कोणी काय सांगितलं ते राहू द्या. आधी मी सांगतो ते समजून घ्या."

"समजलो. पण डॉक्टरसाहेब, गाठ जरा लहान लिहिली असती तरी चाललं असतं."

डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास गुरुजींसमोर सरकवला.

बाहेर आल्यावर मोनालीला हसू आवरेना. परतताना दोघांनी गरम जिलेबी घेतली.

रिपोर्ट बघून तपासणी समिती हळहळली. एक बाई तर डोळे पुसत होत्या. गुरुजींची बदली रद्द झाली आणि त्याच आठवड्यात आचल मॅडम बाळाला घेऊन इटियाडोहाच्या बसमध्ये बसल्या. नागपूरचं नाव घरात पुन्हा कोणी काढलं नाही.

शाळेची सुटी संपत आली तेव्हा गुरुजींनी आभाराचं जेवण म्हणून खुशालला घरी बोलावलं. मोनालीने खीर केली होती. खुशाल आला, पण गाल फुगवून बसला. खिरीला हातही लावेना.

"काऊन जी, नाराज दिसून राहिले?" गुरुजींनी विचारलं.

"नाराज नाही तं काय? तिकडं बालाघाटले सासू वारली. दवाखाना, मग तेरवी, अख्खा महिना मी तिकडंच अडकलो. कालच आलो, तं आयकतो का तुमचं काम झालंबी. दुसऱ्या कोनाकडून करून घेतलं, मले सांगाचं तरी." खुशालने ताट बाजूला सारलं. "पन खरं सांगा सर, एवढं पक्कं काम कोनं करून देल्लं? मी तं त्या डॉक्टरले भेटलोच नाही."