रिकामा खिळा

हैदराबादला निघालेली गाडी सुबोधने संध्याकाळी सोलापुरात मुक्कामासाठी वळवली. "लॉजवर जाण्याआधी एका घरी जायचंय," एवढंच तो बोलला. दार उघडणाऱ्या म्हातारीला त्याने "आई" म्हणून वाकून नमस्कार केला, तेव्हा चेतनाला उमगलं, हे त्याच्या वारलेल्या पहिल्या बायकोचं माहेर. दोघांच्या लग्नाला वर्ष झालं, पण पहिलीविषयी त्याने अवाक्षर काढलं नव्हतं. "आत ये की गं," म्हातारी म्हणाली. भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याखाली चौकोनभर रंग नवाकोरा दिसत होता. "इथला फोटो कुठंय?" चेतनाने विचारलं. "तुला वाईट वाटंल म्हनून काढला." म्हातारी ओशाळली. "आणा ना. मला बघायचंय तिला." कपाटातून आलेला फोटो चेतनाने निरखून पाहिला आणि स्वतःच खिळ्याला अडकवला. "ही नेहमी अशीच हसायची?" तिने सुबोधला विचारलं. "हसायची कुठली, खिदळायची," तो म्हणाला आणि बोलतच राहिला.